नाताळच्या सुट्टीत घरी बत्तीस माणसं: आधी पाणी, मग पोपटी

कुटुंबाचा मेळावा घरी करायचं ठरलं की पहिली चर्चा जेवणाची. कोंबडी की मटण, गोड काय, आत्यांना लसूण चालत नाही, धाकट्या जावयांना शेंगदाणे चालत नाहीत. मी गेली पाच वर्षं रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीतल्या घरी हा घाट घालते आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे: जेवणामुळे मेळावा कधीच फसत नाही. आमटी खारट झाली तर लोक हसतात आणि तीच गोष्ट पुढची दहा वर्षं सांगतात. मेळावा फसतो तो सकाळी साडेसातला, टाकी कोरडी पडल्यावर.

आमचा पहिल्याच वर्षी फसला होता. नणंदेचे यजमान अंगाला साबण लावून न्हाणीघरात उभे, नळ कोरडा, आणि पंप चालू करायला जावं तर वीज गेलेली. दिरांनी विहिरीतून कळशा ओढून दिल्या म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी आधी पाणी, संडास आणि झोपायच्या जागा ठरवते, मग माणसांची कामं. स्वयंपाक सगळ्यात शेवटी. हा लेखही त्याच क्रमाने आहे.

तारीख धरताना

नाताळच का, तर परदेशातल्या मंडळींना तेव्हाच सुट्टी मिळते. इंग्रजी माध्यमाच्या शाळा आठवडाभर बंद असतात, पण मराठी शाळांना बहुधा २५ तारखेचीच सुट्टी असते. त्यामुळे सगळ्यांना जमेल असे तीन दिवसच धरा. २०२६ मध्ये २५ डिसेंबरला शुक्रवार आहे, म्हणजे शुक्रवार-शनिवार-रविवार हातात येतात. थर्टी फर्स्टच्या वाटेला जाऊ नका. तेव्हा अर्धी तरुण मंडळी मित्रांकडे पळतात आणि उरलेली तोंड पाडून बसतात.

कॅलेंडर पसरून आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे मार्गशीर्ष. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने पुढचे महिने उशिरा येतात, आणि २४ व ३१ डिसेंबर हे दोन्ही मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. आमच्याकडे दोन जावा घट मांडतात, आणि मार्गशीर्ष संपेपर्यंत मासळीला हात न लावणाऱ्या एक काकूही आहेत. त्याच आठवड्यात संकष्टीही येते. कोणाचा कुठला उपास, कोण काय खात नाही, हे महिनाभर आधी प्रत्येक घरातल्या बाईला फोन करून विचारा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारलं तर सगळे अंगठा दाखवतात आणि ताटावर बसल्यावर नाही म्हणतात.

येण्याचं नियोजन लवकर करायला सांगा. नाताळात वडखळपासून अलिबागपर्यंत गाड्यांची रांग लागते. मुंबईहून येणाऱ्यांनी पहाटे पाचला निघावं, नाहीतर समुद्राने यावं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते आणि गाडीही बोटीतच चढते, पण या आठवड्यातली गाड्यांची जागा फार आधी भरून जाते. गाडी नसलेल्यांना गेटवेहून मांडव्याची बोट आणि पुढे अलिबागपर्यंत बस बरी. एकूण गाड्या किती येणार हेही लिहून घ्या. आमच्या गल्लीत चारच उभ्या राहतात. बाकीच्यांसाठी शेजाऱ्यांचं खळं आधी मागून ठेवावं लागतं.

पाणी आणि संडास

हिशेब साधा आहे. खेडेगावातल्या घरातही आंघोळ, संडास, भांडी धरून माणशी शंभर लिटर सहज जातात. बत्तीस जणांचे झाले ३,२०० लिटर. आमची टाकी हजाराची, म्हणजे ती दिवसातून तीन-चार वेळा भरली पाहिजे. पंपाला एका टाकीला अर्धा तास लागतो. हे काम एकाच माणसाला द्यायचं, आणि त्याने पहाटे पाचला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि झोपताना पंप लावायचा. वीज गेली तर हाताशी असावं म्हणून दोनशे लिटरचे दोन पिंप न्हाणीघराच्या मागे भरून ठेवते. प्यायचं पाणी वेगळं: माणशी तीन लिटर धरले तर रोज शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार. शहरातून आलेल्या पोटांना विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय देऊ नका. एक पोट बिघडलं की त्याचा भार संडासावरच येतो.

आंघोळीचं गणित याहून अवघड. माणशी दहा मिनिटं धरली तर ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. न्हाणीघरं दोन असली तरी पावणेतीन तास लागतात. गिझर एवढ्यांना पुरत नाही. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, तो पहाटे साडेपाचला पेटतो आणि नारळाच्या करवंट्या-झावळ्यांवर दहापर्यंत चालतो. बंब नसेल तर मागच्या अंगणात चूल मांडून मोठं पातेलं ठेवा. लहान मुलांना सकाळी आंघोळ घालूच नये. त्यांची दुपारी तीनला, अंगणात, उन्हात, सगळ्यांची एकदम. मुलांना तो खेळ वाटतो आणि सकाळचा बराच वेळ वाचतो.

शोषखड्ड्याकडे किंवा सेप्टिक टँककडे ऑक्टोबरातच लक्ष द्या. तीन-चार वर्षांत उपसला नसेल तर आधी उपसून घ्या. नाताळच्या आठवड्यात तो टँकरवाला फोनही उचलत नाही. बाळांचे डायपर आणि ओले वाइप्स संडासाच्या भांड्यात टाकायचे नाहीत, अशी पाटी दारावर मोठ्या अक्षरांत लावा. पाटी लावायला मला पहिल्या वर्षी संकोच वाटला होता, आता वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची मिळते. औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा रुग्णसाहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे चौकशी करा.

कोण कुठे झोपणार

हे आयत्या वेळी ठरवलं की हमखास रुसवे होतात. मी एका कागदावर घराचा नकाशा काढते आणि नावं लिहून तो ओटीवर चिकटवते. सत्तरीपुढचे सगळे तळमजल्यावर, संडासाला जवळ, पलंगावर. तान्ही बाळं आणि त्यांच्या आया माजघरात, कारण तिथे गारवा कमी. तरुण मुलं माडीवर, मुली मधल्या खोलीत. घोरणाऱ्यांची पडवी वेगळी. तिथे कोण जाणार हे मी ठरवत नाही, त्यांच्या बायका ठरवतात.

गाद्या, उशा, चादरी विकत घेऊ नका, मंडपवाल्याकडून बिछायत भाड्याने आणा. नाताळात लग्नंही असतात म्हणून ती नोव्हेंबरातच सांगून ठेवा. गादी आली की एक पूर्ण दिवस उन्हात टाका, वर आपली धुतलेली चादर घाला. डिसेंबरात किनाऱ्यावर कडाक्याची थंडी नसते, पण पहाटे वाडीत गारठा जाणवतो. माणशी एक गोधडी किंवा चादर जास्तीची लागतेच. बाहेरगावच्यांना आपापलं पांघरूण आणायला सांगण्यात कमीपणा नाही. मच्छरदाण्या मोजून ठेवा. पेंढ्याच्या ढिगाजवळ कोणाला झोपवू नका, आणि सकाळी चपला झटकून घालायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा. वाडीत विंचू असतात.

विहिरीवर जाळी हवीच. जाळी नसेल तर ती बसेपर्यंत मेळावा पुढे ढकला, या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका. समुद्रावर जाताना भरती-ओहोटीची वेळ बघा आणि कोणी दारू घेतलेली असेल तर त्याने पाण्यात उतरायचं नाही. ज्यांची बीपी-शुगरची औषधं आहेत त्यांची एक यादी यजमानाच्या फोनमध्ये असू द्या. आमच्याकडून जिल्हा रुग्णालय अलिबागला, सतरा-अठरा किलोमीटरवर. नाताळच्या गर्दीत त्याला तासही लागू शकतो. म्हणून एक गाडी नेहमी बाहेर काढता येईल अशी लावलेली असते, आणि त्या रात्री न पिणारा एक चालक नावानिशी ठरलेला असतो.

पैसे आणि कामं

पैशाचं आधी बोला आणि एकदाच बोला. आमची पद्धत अशी: मोठ्यांची पूर्ण वर्गणी, पाच ते बारा वर्षांच्या मुलांची अर्धी, सत्तरीपुढच्यांची काही नाही. रक्कम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच खात्यावर येते. हिशेब पुतण्याकडे, माझ्याकडे नाही. ज्या घरात मेळावा, त्याच घराकडे पैसे असले की बोलणं अवघडतं. परदेशातून आलेला भाऊ सगळा खर्च उचलतो म्हणतो तेव्हा प्रेमाने नाही म्हणा. फार तर त्याच्याकडून बिछायत घ्या. एकाने सगळं दिलं की बाकीचे पाहुणे होतात, आणि पाहुणे भांडी उचलत नाहीत.

भांड्यांवरून आठवलं. वाडीतल्या दोन बायकांना तीन दिवसांसाठी सांगून ठेवा, एक भांड्यांना आणि एक भाकऱ्यांना. सणाचे दिवस आहेत, त्यांचंही घर आहे. नेहमीपेक्षा जास्त द्या आणि रोजच्या रोज द्या. बाकीची कामं घरच्यांत वाटायची. इथे मी कडक आहे. पूर्वी आमच्या घरी मेळावा म्हणजे पुरुष ओटीवर पत्ते खेळायचे आणि सुना तीन दिवस चुलीपुढे. संध्याकाळी सगळे म्हणायचे, काय मजा आली! आता पाळ्या कागदावर लागतात. सकाळचा चहा आणि नाश्ता पूर्णपणे पुरुषांचा, जावई धरून. पहिल्या वर्षी मोठ्या दिरांनी केलेल्या पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. आता वाडीत त्यांचे पोहे प्रसिद्ध आहेत. वाढण्याची पाळी कॉलेजच्या मुलांची. भाजी चिरणं हे आजी-आजोबांचं काम, कारण ते बसून होतं आणि गप्पाही होतात. तुम्ही दमाल, राहू द्या, असं म्हणून त्यांना बाजूला बसवू नका. आणि ज्या बाईच्या घरी मेळावा आहे तिने रोज एक जेवण पहिल्या पंगतीला बसून जेवायचं. आमच्या कागदावर हा नियम लिहिलेला आहे.

आता जेवण

बत्तीस जणांत चोवीस मोठे आणि आठ मुलं धरून माझी मापं अशी:

- भात: एका जेवणाला अडीच किलो तांदूळ, भाकरी सोबत असेल तर. एका हंड्यात शिजवू नका, दोन पातेल्यांत लावा. मोठ्या हंड्यात खालचा भात लगदा होतो आणि वरचा कच्चा राहतो.
- आमटी: एक किलो तूरडाळ.
- भाकऱ्या: साठ.
- कोंबडी: सात किलो.
- पोहे: अडीच किलो, त्यात एक किलो कांदा.
- दूध: दिवसाला सहा लिटर. मोठ्यांचे तीन-तीन कप म्हणजे बहात्तर कप चहा, त्यात निम्मं दूध, आणि मुलांचं प्यायचं वेगळं.

एक भरलेला सिलिंडर जास्तीचा ठेवा. मेनू ठरवताना एकच प्रश्न विचारा: हे तव्यावर एकेक करून करावं लागतं का? लागत असेल तर सोडून द्या. घावने, थालीपीठ, सुरमईच्या तुकड्या, पुरणपोळ्या, सगळं मनात कितीही आलं तरी आवरा. बत्तीस जणांचे घावने म्हणजे एक बाई तीन तास तव्यापुढे आणि शेवटच्या पाहुण्याला भूक लागून डोकेदुखी. भाकऱ्यांनाही हाच नियम लागतो, म्हणून त्या बाहेरच्या चुलीवर, त्या कामाच्या बाईकडून किंवा गावातल्या बचत गटाकडून. मासळी करायचीच असेल तर कालवण करा, आणि कोळणीला आठवडाभर आधी सांगून ठेवा. नाताळात पर्यटकांमुळे भाव चढलेले असतात आणि चांगला माल हॉटेलांकडे जातो.

पहिल्या रात्री माणसं सातपासून अकरापर्यंत येत राहतात. तेव्हा थांबलं तरी बिघडत नाही असं करा: डाळखिचडी, ताकाची कढी, भाजलेले पापड, लोणचं. दुसऱ्या दिवशी दुपारी साधं, वरण-भात, वालाची उसळ, सोलकढी, कारण रात्री पोपटी आहे, म्हणजे मडक्यात भरून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि कोंबडी. तिसऱ्या दिवशी कोंबडी-वडे असं सगळे म्हणतात. मी कोंबडी-भाकरी करते. वडे म्हणजे पुन्हा तेलाची कढई आणि एकेक. ओल्या खोबऱ्याचं वाटण सकाळचं संध्याकाळी वापरू नका, आणि उरलेला भात पातेल्यात तसाच न ठेवता लगेच परातीत पसरून गार करा, मग फ्रीजमध्ये ठेवा. एरवी जपून वागणारी घरंही इथेच चुकतात.

पोपटी

रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पाहुणे आले आणि पोपटी लावली नाही तर ते मनातल्या मनात नावं ठेवतात. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, त्याच्या शेंगा डिसेंबर अखेरीस यायला लागतात. नाताळात हंगाम नुकताच सुरू होत असतो, म्हणून शेंगा बाजारात मिळतील या भरवशावर राहू नका. एखाद्या शेतकऱ्याला आधी सांगा. बत्तीस जणांना आठ-नऊ किलो. मडक्यात घालायचा भांबुर्डा हा रानपाला मात्र फुकट, शेताच्या बांधावर हवा तेवढा. मुलांना घेऊन जाऊन तोडून आणा. त्याचा उग्र वास हातांना दिवसभर राहतो आणि मुंबईची मुलं आधी नाक मुरडतात.

मडकी तीन लागतात: दोन कोंबडीची, एक शाकाहारी. शाकाहारी मडक्याला चुन्याची खूण करा आणि ते वेगळ्या जागी लावा, नाहीतर अंधारात घोटाळा होतो. मडकं जुनं पण न तडकलेलं हवं. तळाला आणि बाजूंना भांबुर्ड्याचा जाड थर द्यायचा. शेंगा धुऊन त्यांना जाडं मीठ आणि ओवा चोळायचा. मग थर: शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, वर अंडी, पुन्हा शेंगा. कोंबडीचे तुकडे दुपारीच आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून ठेवायचे आणि केळीच्या पानात बांधून मध्यावर बसवायचे. पाणी नाही, तेल नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा पुरतो. तोंडाशी भांबुर्डा गच्च दाबून भरा, इतका की मडकं उलटं केलं तरी काही हलणार नाही.

आता ते तीन विटांवर उपडं ठेवायचं, चहूबाजूंनी गोवऱ्या, सुक्या झावळ्या आणि लाकडं रचायची, वर पेंढा. डिसेंबर अखेरीस इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पेटवलं की सातला मंडळी खायला बसतात. जाळ अर्धा-पाऊण तास एकसारखा हवा. झालं की नाही हे उघडून बघायचं नसतं. मडक्यावर पाण्याचा हबका मारा. पाणी चर्रकन उडून गेलं आणि ओव्याचा वास सुटला की काढा. ओलं पोतं धरून, दोघांनी मिळून, केळीच्या पानांवर ओता. जाळापासून मुलांसाठी दहा पावलांवर चुन्याची रेघ ओढा, आणि नायलॉनचे झगमगीत कपडे घातलेल्यांना रेघेच्या आत येऊ देऊ नका. जवळ दोन बादल्या पाणी. पोपटी खाताना ताटं लागत नाहीत, म्हणजे त्या रात्री भांडीवाल्या बाईलाही सुट्टी.

दिवस कसा भरायचा

फार भरू नका. सकाळ आंघोळीत जाते, दुपार झोपेत. एक फेरफटका मात्र ठरवून करा. नाताळच असल्यामुळे आम्ही २५ तारखेला पूल ओलांडून कोर्लईला जातो. तिथला जुना ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आपली वेगळी बोली बोलतो. रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज गेले, पण ही बोली खाडीपलीकडच्या त्या एका गावात टिकली. घरोघरी टांगलेल्या चांदण्या आणि अंगणातले येशूजन्माचे गोठे बघायला मुलांना आवडतं. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं, फोन खिशात ठेवावा, आणि बत्तीसच्या बत्तीस जणांनी एकदम घुसू नये. दहा-दहाच्या टोळ्या करा. संध्याकाळी वयस्करांना एका कोंडाळ्यात बसवून जुने फोटो पुढ्यात टाका आणि कोणीतरी फोनवर आवाज टिपून घ्या. कार्यक्रम म्हणून एवढा पुरतो. सूत्रसंचालन आणि बक्षिसं आम्ही एकदा केली, पुन्हा केली नाहीत.

निघायच्या दिवशी

शेवटचा नाश्ता साडेसातला, म्हणजे दुपारच्या गर्दीआधी गाड्या बाहेर पडतात. उरलेला शिधा प्रत्येक घराला वाटून द्या, नाहीतर तुम्ही संक्रांतीपर्यंत पोहे खाल. प्रत्येकाने आपली चादर घडी करून ओटीवर आणून ठेवायची. बिछायत मोजूनच मंडपवाल्याच्या टेम्पोत चढवायची, कारण हरवलेल्या उशीचे पैसे तो नव्या उशीच्या भावाने लावतो. हिशेब त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका, उरलेले पैसे परत करा किंवा सगळ्यांना विचारून पुढच्या वर्षीच्या गाद्यांसाठी ठेवा.

मग घरभर फिरून राहिलेल्या वस्तू एका टोपलीत गोळा करा आणि फोटो पाठवा. गेल्या वर्षी सहा चार्जर, अकरा मोजे, एक मंगळसूत्राची वाटी आणि फळीवरच्या पेल्यात एक कवळी सापडली. वाटी अर्ध्या तासात ओळखली गेली. कवळी आपली आहे असं अजून कोणी कबूल केलेलं नाही.